मी आज देऊन टाकलेलं चित्र

मंडळी, सकाळपासून मला माझीच लाज वाटतेय. कुणाला तरी सांगायलाच हवं.

पुढच्या महिन्यात आम्ही हायटेक सिटीजवळच्या नव्या फ्लॅटमध्ये जातोय. चिक्कडपल्लीच्या जुन्या घरातला पसारा आवरत होते, तेवढ्यात ऑफिसातली, मूळची पुण्याची मैत्रीण आली. तिची नजर भिंतीवरच्या जुन्या तैलचित्रावर गेली. खिडकीशी बसून, मान कलती करून बशीतून चहा पिणारी एक तरुण बाई.

"कोण गं ही?"

"सासरे बिस्किटांच्या डब्यांवरची, कॅलेंडरांची चित्रं काढायचे. असेल त्यातलीच एखादी जाहिरात. आवडलं तर घेऊन जा, आमच्या नव्या भिंतींना काही शोभणार नाही."

सासूबाई आत गेल्या, आपली जुनी साडी घेऊन आल्या आणि त्यांनी चित्र त्यात नीट गुंडाळून दिलं.

ती गेल्यावर आम्ही दोघी चहाला बसलो. सासूबाईंनी मान जराशी कलती करून दोन्ही हातांनी बशी ओठांशी नेली आणि मी वळून भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"आई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"लोकांसमोर तुला कशाला तोंडघशी पाडू? जाऊ दे बेटा, परेशान नको होऊ. कुणी न सांगता काढलेलं त्यांचं तेवढं एकच होतं."

इतकी वर्षं त्या चित्रासमोर जेवले, पण ही कोण म्हणून कधी विचारलं नाही.

आत्ता मैत्रिणीचा फोन आला. चित्र लावलंय, घरातले सगळे विचारतायत, कोण आहे ही? सासूबाई शेजारीच होत्या. तरीही मी म्हणाले, "माहीत नाही गं."

आता कोणत्या तोंडाने परत मागू, सांगा.