अक्कांनी छातीला हात लावला

अमावास्येला रस्त्यात उतारा पडलेला दिसला की लोक वळसा घालतात, मी सरळ ओलांडून जाते. माहेरी तिसगावला कुणाच्या अंगात आलं की आम्ही बहिणी तोंडाला पदर लावून हसायचो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मोबाईलवर बायका असे अनुभव लिहितात, ते वाचते. पण तिथं टाकायचं धाडस नाही... चौथीपर्यंत शिकले, चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून हे माझ्यापुरतं लिहून ठेवते.

सासर बेलापूरजवळच्या वस्तीवर. घरात आत्याबाई म्हणजे सासूबाई, थोरले दीर, त्यांची बायको अक्का आणि आम्ही दोघं. लग्नानंतर मला मध्येच धडधड व्हायला लागली. कांदा खुरपताना, भाकरी थापताना, कधी नुसती बसलेली असताना — छातीत कोंबडी फडफडावी तसं. हातपाय गळायचे. अक्का खुरपणीच्या बायकांसमोर माझी नक्कल करायच्या. छातीला हात, डोळे वर.

"आली बघा हिची धडधड. जेवायच्या टायमाला बरी येत न्हाई."

बायका हसायच्या. मीही मान खाली घालून हसायचे. माझं ते हसणंच मला जास्त झोंबायचं.

शेवटी यांनी मला श्रीरामपूरला डॉक्टरांकडे नेलं. छातीवर जेल लावून इको काढला. डॉक्टर चांगले, पडद्यावर दाखवलं. हृदयात दोन पाळ्यांची झडप असते, दार चौकटीत बसावं तशी. माझी एक पाळी जरा मऊ, मिटताना मागं फुगते. त्यानं टक् असा बारीक आवाज येतो. नळी माझ्या कानाला लावून मला तो ऐकवला. म्हणाले, "पुष्कळ जणांना असतं, कित्येकांना कळतही नाही. तुमच्या झडपेतून रक्ताची गळती नाहीच म्हणा ना. चहा कमी करा, पाणी प्या, झोप घ्या. बाळंतपणालाही अडचण नाही. अधूनमधून दाखवत जा."

मला इतकं हलकं वाटलं. नाटक नव्हतं माझं.

घरी यांनी एवढंच सांगितलं, "झडपेचा जरा त्रास आहे." अक्कांनी त्याचं काळजाला भोक केलं. वस्तीभर झालं. "भोक पडलेली पोरगी गळ्यात बांधली. उद्या लेकरू झालं तर त्यालाबी भोक." मी डॉक्टरांचं बोलणं सांगू गेले, तर आत्याबाई म्हणाल्या, "तुला काय कळतंय?" मग माझ्या दादाला निरोप गेला — येऊन बहिणीला घेऊन जा.

दादा सकाळीच आला. सगळे ओसरीवर बसले. हे खाली मान घालून मोबाईल चाळत होते. दादा म्हणाला, "डॉक्टर म्हणत्यात काय न्हाई, मग कशापायी धाडताय?"

मी दाराआड उभी होते. तेवढ्यात धडधड सुरू झाली, कधी नव्हती एवढी. मी चौकट धरली. अक्का उठल्या.

"बघा, भाऊ आला की लगेच आली. थांबा, मीच बघते किती धडधडतंय ते."

आणि सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या छातीवर पंजा दाबला.

मला तेव्हा एवढा राग आला... मनात म्हणाले, घे. तूच घे.

त्याच क्षणी माझी धडधड थांबली. नळ बंद करावा तशी. अक्कांचा हात माझ्या छातीवरून निघाला तो त्यांच्या स्वतःच्या छातीवर गेला. तोंड पांढरं पडलं. "आत्याबाई, माझं काळीज बघा कसं करतंय," म्हणत त्या उंबऱ्यावरच बसल्या.

त्याच डॉक्टरांकडे नेलं. इको झाला. झडप एकदम चांगली. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, कशातच काही नाही. पण धडधड जाईना. संध्याकाळी पुन्हा सगळे ओसरीवर, दादाही थांबलेला. अक्का भिंतीला टेकून, छातीला हात, डोळे वर.

मी पाणी नेऊन दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आत्याबाई, आता अक्कांच्या माहेरी निरोप कधी धाडायचा?"

दादा जेवला आणि मला न घेता एकटाच आपल्या गावी गेला.

मागच्या महिन्यात मी पुन्हा दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, टक् तसाच आहे, झडप तशीच आहे. "धडधड होते का?"

"न्हाई."

"छान. चहा कमी केलात वाटतं."

"व्हय," म्हणाले. खरं तर दोन कप वाढवलाय.

अक्कांना मात्र अजून होते. मी कधी त्यांच्याकडे रागानं बघितलं की हातातली बादली खाली ठेवतात. परवा गोठ्यात मला एकटीला गाठून हळूच म्हणाल्या, "सुनंदा, तू काय केलंस गं मला?"

मी काही केलं नाही. एवढं झालं कसं, मला खरंच कळत नाही, डॉक्टरांना विचारायची तर लाज वाटते. कधी त्यांचा घामेजलेला चेहरा बघून वाटतं, आपण त्यांच्या छातीला हात लावला तर ती धडधड परत येईल का आपल्याकडे?

येईलही. अजून लावून बघितला नाही.