सरेसाचा वास

सोवळ्याची मला किळस आहे. वय झालं म्हणून ती काही कमी झालेली नाही, उलट वाढलीच. ज्या घरात मी नांदले तिथं दिवसभर कशाला ना कशाला विटाळ होत असे, आणि जिला खरोखर घाण म्हणावं ती मात्र सगळ्यांच्या नाकाखालून खुशाल जात असे.

माझं माहेर तिगाव स्टेशनच्या रेल्वे क्वार्टरमधलं. बाबा तारबाबू होते. शेजारी एका इंजिन ड्रायव्हरचं ख्रिस्ती कुटुंब राहायचं. त्या ड्रायव्हरच्या बायकोजवळ युकुलेली होती, म्हणजे गिटारीचं शेंडेफळच: चार तारा आणि मांडीवर मावेल एवढा जीव. ती मला शिकवायची. नातेवाइकांनी बाबांना नाही नाही ते ऐकवलं, पोरगी बाटवता काय म्हणून. बाबा एवढंच म्हणाले, "पोरगी वाजवून राह्यली, चोरी नाई करून राह्यली." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. पुढं देश स्वतंत्र झाला आणि ते कुटुंब वाद्यासकट परदेशी निघून गेलं. माझं लग्न सौंसरला झालं, संत्र्याचे बगीचे असलेल्या घरात.

मग नवी राज्यं व्हायचं ठरलं. नागपूर-अमरावती मुंबई राज्यात जाणार आणि आपण इकडं हिंदी मुलखातच राहणार, म्हणून ओसरीवर पुरुषांची रोज हमरीतुमरी. बाबांची नोकरी संपली होती. ते अमरावतीकडं आपल्या मूळ गावी कायमचे जाणार होते, आणि त्याआधी दसऱ्याला मला भेटायला येणार होते. त्यांना एकदा वाजवून दाखवायचं, असं मी मनाशी घेतलं. वाद्य नव्हतं. तर मग बनवायचं.

नव्या दाराच्या चौकटीतून उरलेला सागाचा तुकडा होता, त्याची मान केली. संत्र्याच्या फुटक्या पेट्यांच्या फळ्यांचा चौकोनी डबा केला. गोलाई वळवायची अक्कल मला नव्हती. शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, शिवणीचं झाड वादळात पडलं होतं. डब्याच्या तोंडावर बसवायला त्याची फळी काचेच्या तुकड्यानं खरवडत खरवडत इतकी पातळ केली, की टिचकी मारली तर आवाज आतून यावा. बगीच्यात डिंक्या रोग लागून वाळलेल्या संत्र्याच्या लाकडाच्या खुंट्या तासल्या. लाकूड पिवळंधमक आणि हाडासारखं टणक. बोटं सोलून निघाली, पण बरं वाटत होतं. नवऱ्यानं नागपुराहून तारा आणून दिल्या, घरात कुणाला सांगू नकोस असं बजावून.

सगळं जोडायला सरेस हवा. सुतार लाकूड चिकटवतात तो, कातडी-हाडं उकळून केलेला. त्याचे खडे भिजवून मी चुलीवर ठेवले आणि वास सुटला. घाणच वास तो, मी कशाला नाही म्हणू? सासूबाई नाकाला पदर लावून आल्या.

"मेल्या ढोराचं कातडं शिजवून राह्यली माह्या चुलीवर? घर बाटवशीन तू!"

"आई, आपल्या विहिरीवरची मोट कशाची हाय? कातड्याचीच ना? तेच पाणी पेतो आपण."

"वाहत्या पाण्याले इटाळ नसते. मोठी शायनी झाली!"

माझी आणि सरेसाची रवानगी गोठ्यात झाली. तिथून आलं की आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. बरं, ज्या देव्हाऱ्यापुढं हा नियम झाला त्याच देव्हाऱ्याच्या फटींतून सुताराचा सरेस वाळून पिवळा दिसत होता. तो कुणाला दिसत नसे. मला त्या माणसांचा राग येत नव्हता. अन्नात केस निघावा तसं व्हायचं.

दसऱ्याच्या आधी युकुलेली तयार झाली. गोठ्यात म्हशींच्या पुढ्यात बसून वाजवली. आवाज जरा बोदा होता, पण सुरात होता. बाबा ऐकतील तेव्हा त्यांचा चेहरा कसा होईल, तेच डोळ्यांपुढं येत होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातलं एकूण एक हत्यार-अवजार धुऊन पुजतात: वखर, कुऱ्हाड, विळा, सगळं. मी झेंडू तोडायला बगीच्यात गेले होते. परत आले तर अंगणात पाटावर माझी युकुलेली. तिचं पोट उघडलेलं, शिवणीची फळी पापडासारखी वाकडी, आणि सांध्यांतला सरेस विरघळून चॉकलेटी चिकट पाणी गळत होतं. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूचं फूलसुद्धा. सासूबाईंनी कढत पाण्यानं आणि गोमूत्रानं तिला शुद्ध केलं होतं.

"देवापुढं मांडाची होती ना," त्या म्हणाल्या. "कातड्याची तशीच कशी मांडू?"

त्यांनी ते वाईटपणानं केलं नव्हतं. त्याचीच मला अधिक शिसारी आली. दुष्टाव्याला निदान शिवी तरी देता येते.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं आणि पुन्हा राज्याच्याच गप्पा सुरू झाल्या. मी ते तुकडे ताटात घेऊन त्यांच्यापुढं ठेवले. म्हटलं, "बाबा, तुम्हाले ऐकवाले बनवली होती मी. हे असं झालं."

बाबांनी खुंटी हातात घेतली, फिरवून पाहिली. त्यांना समजलं, हे मला दिसलं. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या सासूबाईंकडं पाहिलं, खुंटी ताटात ठेवली आणि हात जोडले.

"बरंच केलं तुम्ही, विहीणबाई. शुद्ध केलेलं बरंच असते. आमच्या पोरीले समजत नाई."

सासूबाई खुशीत चहा आणायला वळल्या. मी ताट उचललं. सासूबाईंची किळस माझ्या अंगवळणी पडली होती. त्या दिवशी मला माझ्या बापाची किळस आली, आणि ती चहाबरोबर गिळून मी हसून दाखवलं, कारण लेकीच्या बापाला मान खाली घालावी लागते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढं मी गोठ्यातच दुसरी बनवली आणि तिथंच वाजवत राहिले. बाबा नंतर पुष्कळ वर्षं जगले. दर भेटीत विचारायचे, "वाजवतं का कधी?" मी म्हणायची, "नाही."