मुलीचा मामा

राघोने लग्न का केलं नाही, याचं उत्तर गावाने त्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं. बहीण तुळसा ऐन तरुणपणी विधवा होऊन दीड वर्षाच्या जयाला घेऊन माहेरी आली, आणि या भल्या माणसाने भाचीपायी स्वतःचा संसार मांडला नाही, असं कल्याणशेजारच्या मोहन्याजवळच्या त्या आगरी गावात सगळे मानत. दुसऱ्याचा त्याग लोकांना फार आवडतो, आपल्या खिशातलं त्यात काही जात नाही. राघोही तो मोठेपणा गपचूप अंगावर वागवायचा. खरं कारण एवढंच होतं की त्याला बाईची ओढ कधी वाटली नाही. ज्यांची वाटली ते पुरुष कल्याण स्टेशनच्या यार्डाकडच्या भिंतीपाशी भेटत, खोटी नावं सांगत आणि निघून जात.

त्याच भिंतीपाशी १९९४ पासून राघो वेगळ्या कामासाठी उभा राहू लागला. मोहन्याच्या कारखान्यातली पहिली पाळी संपली की तो कल्याणला जाई. तिथे कापडाच्या एका दुकानावर दोन खोल्यांत सुमेधाबाई एड्सविषयी माहिती देणारं केंद्र चालवत, आणि राघो भिंतीपाशी भेटणाऱ्यांना तिथे घेऊन येई. लाकडाच्या दांडक्यावर निरोध चढवून दाखवताना पहिल्या दिवशी राघो घामाने निथळला होता, पण महिन्याभरात तो हे काम भाजी निवडावी इतक्या सहजपणे करू लागला. घाबरलेल्याला तपासणीला नेणं, निकालाच्या दिवशी शेजारी बसणं, हे त्याच्याइतकं कुणालाच जमत नसे.

सुमेधाबाई एका बाबतीत फार कडक होत्या. कुणाचं नाव बाहेर जाता कामा नये. पहिल्याच वर्षी केंद्रातल्या एका कार्यकर्त्याकडून चहाच्या टपरीवर एका मुलाचं नाव निसटलं होतं. दुसऱ्या दिवशी घरमालकाने त्या मुलाची वळकटी रस्त्यावर फेकली, आणि पुढचे चार महिने केंद्राचा जिना कुणी चढलं नाही. तेव्हापासून राघो प्रत्येकाला एकवीरा आईची शपथ घेऊन सांगे, तुझं नाव माझ्या तोंडून जायचं नाय. तो ही शपथ फार मनावर घ्यायचा, अगदी नको इतकी.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत मधु नावाचा एक देखणा तरुण आला. राघोने त्याला ठाण्याला नेऊन रक्त तपासून घेतलं. लागण निघाली. बाकड्यावर तो तासभर राघोचा हात धरून बसला, शपथ दोनदा घ्यायला लावली, आणि नंतर पुन्हा दिसला नाही.

मे महिन्यात जयाचं लग्न ठरलं. शीळफाट्याच्या पलीकडच्या गावचं स्थळ, मुलगा काळुराम, घरी दोन ट्रक. साखरपुड्याला राघो शिबिरासाठी पुण्यात होता. परत आल्यावर तुळसा म्हणाली, पोरगा देखणा हाय, आणि त्याने नुसती मान डोलावली. जगाला चौकशा करायला शिकवणाऱ्या या माणसाने घरच्या जावयाची चौकशी केली नाही, याचा मला आजही राग येतो.

लग्नाच्या दिवशी अकराला वऱ्हाड मारुतीच्या देवळापाशी उतरलं. नवरदेवाला सामोरं जायचा मान मामाचा. राघो नारळ घेऊन पुढे झाला, नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला सारल्या, आणि समोर मधु उभा होता. दोघांनीही एकमेकांना ओळखलं. मुहूर्त बारा पस्तीसचा होता.

नवरदेव शाळेच्या खोलीत कपडे बदलायला गेला तेव्हा राघोने त्याच्या मित्रांना बाहेर घालवलं आणि दार लोटून घेतलं. काळुराम भडाभडा बोलत सुटला. लग्न नको म्हटलं तर बापाने ऐकलंच नाही, एका वैद्याने पुड्या दिल्यात, आपण निरोध वापरू, जयाला काही होऊ देणार नाही.

"वर्षभरानं तुजी आय नातू मागंल, तवा काय करशील?" राघोने विचारलं.

राघोने त्याला परोपरीने विनवलं. तूच नाही म्हण, चक्कर आली म्हण, काहीही म्हण, पण हे थांबव. काळुराम फेटा सोडत होता, पुन्हा बांधत होता.

"बाप मना जिता ठेवनार नाय," तो म्हणाला. "आन तू शपत मोडलीस तर मीबी बोलंन, तू कोन हायस त्ये."

राघो बाहेर आला तेव्हा सव्वाबारा झाले होते. तुळसाला सांगावं, तर तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. जेवणाच्या पंगती उठायच्या आत काळुरामचं नाव शीळफाट्यापर्यंत पोचलं असतं. मांडवात पाणी वाढणाऱ्यांत केंद्रावर येणारे दोघे होते. आज राघोचा शब्द फुटला तर उद्या ते आणि त्यांच्यासारखे पन्नास जण जिना चढणार नव्हते. काही न सांगता अडून बसावं, तर भावकीतल्या दुसऱ्या कुणाला मामा म्हणून उभं केलं असतं. आणि गप्प बसावं, तर जया. देवीला त्याने मनातल्या मनात एक शिवी घातली.

लाउडस्पीकरवर भटजींची हाक आली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

आतल्या खोलीत पिवळ्या साडीतली जया हात पुढे करून उभी होती. चल ना मामा, असं ती म्हणाली. राघोने तिचा हात हातात घेतला, पाटावर परत बसवलं, आणि इथून हलू नको एवढंच सांगितलं. मग तो एकटाच मांडवात गेला. अंतरपाट धरलेला होता, लोकांच्या हातात अक्षता होत्या. तो सरळ काळुरामच्या बापासमोर जाऊन उभा राहिला. काळुरामचा चेहरा पांढराफटक पडला.

"सोयरीक करन्याआधी मुलीचा मामा कोन हाय त्ये तुमाला ठाव पायजे," राघो म्हणाला. "मी बाईसाठी नाय जल्मलो. मी पुरुषांसंगं ऱ्हातो. कल्यानात तसल्याच लोकांत मी काम करतो."

कुणीतरी हसलं, आणि मग सगळे एकदम बोलू लागले. काळुरामच्या बापाने लेकाच्या मुंडावळ्या ओढून तोडल्या. असल्या घरातली पोर आम्हाला नको, म्हणत त्याने वऱ्हाड उठवलं. काळुराम जाताना एकसारखा मागे वळून बघत होता. तुळसाने सगळ्यांसमोर भावाच्या थोबाडीत मारली. ती म्हणाली, "तू मना मेलास." जया दारात उभी राहून हे पाहत होती. यामागचं खरं कारण तिला कळलं नाही, आणि राघोने तिला ते कधी कळू दिलं नाही. ठरलेलं लग्न मोडलं म्हणून ती महिनाभर रडली. आपण तिला वाचवलं की तिचं वाटोळं केलं, हे त्या महिन्यात राघोलाही सांगता आलं नसतं.

त्याने मोहन्यात भाड्याची खोली घेतली. कारखान्यात लोक त्याच्यासोबत डबा खाईनासे झाले. केंद्रावर मात्र गर्दी वाढली. ते पाणी वाढणारे दोघे आपल्यासोबत आणखी चौघांना घेऊन आले होते.

नव्याण्णवच्या मेमध्ये काळुराम राघोच्या खोलीवर राहत होता. अंगावर मांस राहिलं नव्हतं, बापाने घराबाहेर काढलं होतं, आणि जायला दुसरी जागा नव्हती. दुपारी साडेबाराच्या सुमाराला गावाकडून लाउडस्पीकरचा आवाज आला. जयाला टिटवाळ्याचं स्थळ मिळालंय आणि लग्न आजच आहे, हे राघोला बाजारात कळलं होतं. आमंत्रण अर्थातच नव्हतं. पेज ढवळत तो चुलीपाशी बसला होता.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," भटजी म्हणाले.

राघो ताडकन उठून उभा राहिला. मग त्याने पेज वाटीत ओतली.

"कोनाचं लगीन हाय?" काळुरामने खाटेवरून विचारलं.

"असंल कोनाचंतरी," राघो म्हणाला, आणि त्याला उठवून बसवण्यासाठी त्याच्या पाठीखाली हात घातला.