फळीवरच्या छपन्न ओळी

मोताळ्याच्या माळ्यांच्या गल्लीत मिरची तोडण्यात तानुबाईचा हात सगळ्यांत चलाख, आणि तेच तिच्या मुळावर आलं. घरची रीत अशी, की पाळी आली की बाईनं गोठ्यात बसायचं, वाफ्यात पाय ठेवायचा नाही. पण तोडणी ऐन भरात असली की सासू अन्नपूर्णाबाई कानाशी यायची. "या बारीले राहू दे. कोनाले सांगू नको. गोठ्यात महिन्यातून एकडाव बसली म्हंजे झालं." विटाळ देवाला चालत नव्हता, बाजाराच्या आदल्या दिवशी मात्र चालत होता.

लपवायचं तर लक्षात ठेवायला हवं. तानुबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं गोठ्यातल्या एका फळीवर विळ्याच्या टोकानं खुणा करायला सुरुवात केली. दिवसाला एक रेघ. पाळी आली की नवी ओळ. चार वर्षांत छपन्न ओळी झाल्या.

लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून १९६७च्या हिवाळ्यात सासूनं तिला चिखलीच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पाळीची तारीख विचारली, ती सासूला. सासूनं खऱ्या पाळीचा नाही, गोठ्यात बसल्याचा दिवस सांगितला. "दर तीस दिवसाले, साहेब. घड्याळच हाय आमची सून."

त्यावरून डॉक्टरांनी पुढच्या पाळीच्या दोन दिवस आधी बोलावलं. त्या सुमारास गर्भपिशवीचं आतलं अस्तर खरवडून तपासलं, की बीज तयार होतं की नाही ते कळतं. दिवस चुकला, तर तपासणी खोटंच बोलते.

त्या दिवशी तपासणीच्या टेबलावर झोपल्यावर तानुबाई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मले चार दिवसाआधीच येऊन गेली."

"तू गप राय वं," सासू म्हणाली.

डॉक्टर हात धूत होते. "मोठ्यांना बोलू द्या, बाई."

कळ अशी आली की तिनं ओठ चावून रक्त काढलं. पंधरा दिवसांनी कागद आला: बीज तयार होत नाही. बाजाराच्या दिवसापर्यंत ते गल्लीभर झालं, आणि सासूनं मुलासाठी वरवट बकालची एक पोरगी हेरूनही ठेवली.

तानुबाईचा नवरा निवृत्ती खाली पाहत म्हणाला, "कागदच तसा आला व. मी काय करू?"

"कागद खोटा हाय. खरं गोठ्यात हाय. फळी उचला."

त्यानं उचलली. चिखलीच्या एस.टी.त चढताना कंडक्टर हसला. "काय मामा, पाळणा करता का याचा?"

निवृत्तीची मान आणखी खाली गेली. तानुबाई म्हणाली, "होईल, पाळणाबी होईल. गाडी सोडा."

डॉक्टरांनी आधी चष्म्यावरून पाहिलं, मग बोटानं रेघा मोजू लागले. वरच्या ओळींत एकोणतीस, तीस. मधल्या ओळींत सव्वीस. तळाशी तेवीस, बावीस.

"तपासणी चुकीच्या दिवशी झाली," ते शेवटी म्हणाले. "हा कागद कामाचा नाही. पण पाळ्या अशा जवळ येत गेल्या, की बीजाचा साठा सरत आलेला असू शकतो. वेळ थोडा आहे. हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

तानुबाईच्या अंगाची लाही झाली. "सांगतलं ना. याच टेबलावर झोपून सांगतलं. तुमी बुढीले इचारत होते. पाळी तिले येते का मले?"

डॉक्टरांनी कागद पुढ्यात ओढला.

"ते खोडा. माह्या डोयासमोर खोडा."

त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली. "नव्यानं तपासू. या वेळी यांचीही तपासणी लागेल."

निवृत्ती दचकला. "माही काऊन?"

"काऊन म्हंजे? पंधरा वर्स एकलीनंच संसार केला का म्या?"

घरी आल्यावर तिनं फळी गोठ्यात नाही, ओसरीवर ठोकली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. सासू धावत आली. "हे काय मांडलं वं? लोकं पाह्यतील."

"पाह्यू द्या, आत्याबाई. विसाव्या रेघेले मी चिखलीले जाणार हाय. तोडणी असली तर तुमी तोडा."

"अन् वरवटच्या लोकायले काय सांगू?"

तानुबाईनं विळा उचलला आणि त्या दिवसाची रेघ ओढली.

"सांगा, कागद खोडला."