बिडाची डिस्क, बिडाचा तवा

दुकानाचं फळकूट रोज पुसलं तरी ब्रेकपॅडची काळी भुकटी त्यावर बसतेच. किश्श्यांचंही तसंच. सांगून टाकले की संपतील म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी नवा घेऊन दारात उभा! लालबागला मिरची-मसाला कुटायच्या डंकांच्या गल्लीत आमचं दुकान. मोटरसायकलचे ब्रेक, एवढंच काम. गिऱ्हाईक आधी शिंकतं, मग बोलतं. मला चाळीस वर्षांत शिंक म्हणून आलेली नाही.

माझं शिक्षण चौथी. आमचे हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, "बाई, दुकान भाड्याने द्या." मी पॅडच्या खोक्यांवरचं इंग्रजी एकेक अक्षर लावत वाचलं. पॅडच्या कडेला दोन अक्षरं असतात. पहिलं सांगतं थंड असताना किती पकडेल, दुसरं सांगतं तापल्यावर किती.

एक सेल्समन मला शिकवायला लागला, "आजी, जीजी म्हणजे गुड-गुड."

म्हटलं, "मग एचएच म्हणजे काय, हाय हाय?"

तो पुन्हा मला आजी म्हणाला नाही.

*

मच्छीमार नगरातला धर्मा माझं जुनं गिऱ्हाईक. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या ब्रेकची बिडाची डिस्क सदा गंजून लालेलाल. म्हणून त्याला स्टेनलेसची बसवून दिली. दोन दिवसांत हा खिशात लोहचुंबक घेऊन आला आणि डिस्कला लावून दाखवलं.

"मावशे, फसवलंस! स्टेनलेसला चिकटत नाय!"

"मेल्या, तुझ्या ताटाला चिकटत नाही. ताटाला कोणी ब्रेक मारतं का? डिस्कचं स्टेनलेस कडक करतात. त्याची जातच वेगळी, त्याला चिकटतं."

चुंबक खिशात टाकून गेला. आठवड्याने परत आला.

"पटलं?"

"मला पटलं. पण घरातली सगली भांडी तपासली ना, दोन टोपांना चिकटलं. बायको भांडेवाल्याशी भांडायला गेलीय!"

*

गिरगावचे प्रधानसाहेब म्हणजे बँकेतून रिटायर झालेले सभ्य गृहस्थ. गाडी बाहेरच्या देशातली, जुनी, पुढची डिस्क बिडाची. गाडीवर त्यांचा एवढा जीव की सिग्नलला थांबले तरी टाकीवर हात ठेवतील. एकदा त्यांनी ऑनलाइन पॅड मागवले. धातूच्या भुकटीचे, रेसिंगचे. तीन महिन्यांत डिस्कवर रेघाच रेघा. मी नख फिरवलं, नख अडकलं.

"साहेब, हे पॅड नाहीत, खवणी आहे. नारळ कुठाय?"

"पण पाच स्टार होते, बाई!"

"स्टार पॅडला होते. तुमच्या डिस्कला कोणी विचारलं?"

डिस्कची जाडी शिल्लक होती म्हणून वाचली. लेथवर हलका हात मारून घेतला आणि मऊ पॅड घातले. जुन्या बिडाला मऊच हवेत. कडक पॅड घातले तर ते डिस्कच खातात.

*

त्या दिवशी बरोबर प्रधानवहिनी होत्या. म्हणाल्या, "एवढी लाडाची गाडी, आणि चाकाला गंज? स्टेनलेसची बसवा की!"

"वहिनी, घावन कशावर घालता?"

"बिडाच्या तव्यावर."

"नॉनस्टिकवर का नाही?"

"छे! ती मजा नाही."

"मग ही तशीच समजा. बिडाची डिस्क म्हणजे बिडाचा तवा. रात्रीत तांबूस होते, सकाळी चार ब्रेक मारले की लख्ख. पण पकडते अशी की स्टेनलेसने हात जोडावेत!"

वहिनींना एकदम पटलं. "माझा तवा बघा, तीस वर्षांचा. धुतला, पुसला, की तेलाचा हात."

"उत्तम!" मी म्हटलं. स्वतःच्या दृष्टांतावर मी खूश होते. वहिनींचं शेवटचं वाक्य कानावरून गेलं.

*

दसऱ्याला साहेब झेंडूचा हार घातलेली गाडी मला दाखवायला निघाले. वेग चालण्याइतका. दुकान आलं, दुकान गेलं, आणि गाडी शेजारच्या डंकाच्या मिरच्यांच्या पोत्यांत! कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण गल्ली अर्धा तास शिंकत होती.

मागून स्कूटरवर त्यांची मुलगी मीनल येत होती. ती धावली. "बाबा, झालं काय?"

मी डिस्कवर बोट फिरवलं. वास घेतला. खोबरेल! मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब घाईघाईने म्हणाले, "ब्रेक मारायचा विसरलो गं."

मीनल पाणी आणायला गेली तसे माझ्याकडे वळले. "तव्याला लावते तसं हिने प्रेमाने लावलंय, बाई. मुलीसमोर तिची चूक निघाली तर ती जन्मभर मनाला लावून घेईल. शपथ आहे, बोलायचं नाही."

तेल प्यायलेले पॅड मी फेकले, डिस्क स्पिरिटने पुसली, नवे मऊ पॅड घातले. दृष्टांत माझा, तेल वहिनींचं, आणि विसरभोळे ठरले साहेब!

*

चार दिवसांनी मीनल एकटीच आली. डोळे सुजलेले.

"मावशी, बाबा ब्रेक मारायला विसरतात म्हणजे काय ते कळतंय मला. डॉक्टरची वेळ घेतलीय. गाडीची किल्ली मी काढून घेतली. तुम्ही एवढंच सांगा, या गाडीचे पॅड आता मिळत नाहीत. मग ते स्वतःच विकतील."

"पॅडबद्दल मी आजवर खोटं बोलले नाही. तुझ्यासाठीही बोलणार नाही."

"मग ते विसरले कसे?"

खरं उत्तर ओठांवर आलं होतं, पण शपथ आडवी आली.

"रविवारी त्यांना घेऊन ये," मी म्हटलं. "मी सांगेन तिथे थांबले नाहीत, तर किल्ली तुझी. मी एक शब्द बोलणार नाही."

*

रविवारी डंक बंद, गल्ली मोकळी. मी खडूने आडवी रेघ मारली आणि रेघेपलीकडे हातभर अंतरावर स्टूल टाकून बसले.

"मावशी, उठा तिथून!" मीनल ओरडली.

"पॅड मी बसवलेत."

साहेब कोपऱ्यावरून निघाले. या वेळी चांगला वेग होता. वहिनींनी पदर तोंडाला लावला. गाडी जवळ आली, पुढचे शॉकअप दबले, आणि चाक रेघेवर उभं! डिस्क किंचाळलीसुद्धा नाही.

साहेबांनी किल्ली काढली आणि मीनलपुढे धरली. मीनलने त्यांची मूठ मिटली. "असू दे, बाबा. तुमच्याकडेच."

वहिनी डोळे पुसत पुढे आल्या. चाकावरून माया केल्यासारखा हात फिरवला.

"किती गुणाची गं! आणि दसऱ्यापासून या गडबडीत मी हिला तेलाचं बोट लावलं नाही. आज घरी गेल्या गेल्या लावते."

मीनल बाबांकडे बघायला लागली. साहेब माझ्याकडे बघायला लागले.

डंक बंद होते, तरी मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा शिंकले.