बोईसरची सायकल शर्यत आणि मी सुचवलेली वेळ

बायका सायकल शर्यतीत उतरत नाहीत, ही ओरड करण्यात माझी अर्धी चाळिशी गेली. त्यामुळे बोईसरच्या हेमंतचा फोन आला, "ताई, यंदा पहिल्यांदाच महिला गट ठेवतोय, यायलाच हवं," तेव्हा मी नवऱ्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. शनिवारी दुपारी सायकल गाडीवर बांधली आणि ठाण्याहून निघाले.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. अहमदाबाद हायवेने मनोर, तिथून डावीकडे पालघर, पुढे बोईसर. घोडबंदरला अडकला नाहीत तर अडीच तास. मी अडकले, साडेतीन लागले. मनोरचा चहा घ्याच. बोईसरला कंपन्यांमुळे लॉज भरपूर. बाराशेत स्वच्छ खोली मिळाली, फक्त खिडकी उघडायची सोय नाही, बाहेर केमिकलचा वास.

संध्याकाळी मैदानावर नंबर घ्यायला गेले. पुरुष साठ-पासष्ट. बायका चार, आम्ही सगळ्या ठाण्या-मुंबईच्या.

"इथली एकही नाही?" मी हेमंतला विचारलं.

"काय करणार ताई, बायका येतच नाहीत."

तेवढ्यात एक तिशीची बाई सायकल हातात धरून आली. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, सायकल बिनगिअरची, पुढची बास्केट काढून ठेवलेली. नाव भारती. वाणगावहून रोज सायकलनेच कामावर येते म्हणाली.

"दादा, येळ बदलून मिळंल का? माझी सातची शिफ्ट हाय. साडेनवाला मी कशी येनार?"

"उद्या रविवार ना?" मी मधेच बोलले.

"आमची सुट्टी शुक्रवारी असते, ताई. आमच्या पॅकिंगमधल्या सहाजनी सायकलवर येतात. येळ ऐकली नि कोनी नाव दिलं नाय."

माझं डोकंच फिरलं. पुरुष सहाला आणि बायका साडेनऊला? "कोणत्या शहाण्याने ठरवलं हे?"

हेमंत चाचरला. "ताई, तुम्हीच. फोनवर म्हणालात, बायकांना घरचं आवरून यायला वेळ द्या."

कप्पाळ माझं! म्हणाले होते. अगदी ठसक्यात म्हणाले होते. कान गरम झाले, भारतीकडे बघवेना. गावातल्या एका बाईला विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

मग मी हेमंतच्या मागेच लागले. पण रस्त्याची परवानगी ठरलेल्या वेळांची, रातोरात बदलणार कशी? शेवटी तो म्हणाला, "पुरुषांबरोबर सोडतो. पण नंबर नाही, निकालात नाव नाही."

"निकाल नको," भारती म्हणाली. "सायकल मारू तर द्या."

रविवारी सहाला ती सगळ्यांच्या मागे उभी राहिली, युनिफॉर्ममध्येच, ओढणी कमरेला आवळून. माझं हेल्मेट मी तिला दिलं. "बाजारात निघाल्या काय?" कोणीतरी पिंक टाकली आणि दोघं-तिघं हसले. चिंचणीचा किनारा गाठून परत, बावीस किलोमीटर. मी घड्याळ लावून शेवटच्या रेषेवर थांबले.

हसणाऱ्यांपैकी एकही अजून परतला नव्हता तेव्हा ती आली. अठ्ठेचाळीस मिनिटं! बिनगिअरच्या सायकलवर! मी "भारती, भारती!" म्हणून किंचाळत पुढे धावले, तर ती थांबेचना.

"गेट बंद होईल, ताई!" एवढं ओरडून माझ्या हेल्मेटसकट सरळ कंपनीच्या रस्त्याला लागली. हेमंत हातात पाण्याची बाटली धरून आ वासून बघत राहिला.

साडेनऊला आम्ही चौघी निघालो, मी हेमंतचं हेल्मेट मागून घेऊन. ऊन, टेम्पो, रिक्षा, सगळं अंगावर. मी पहिली आले, बावन्न मिनिटांत. टाळ्या, हार, भलीमोठी ट्रॉफी. नंतर चिंचणीला तांदळाची भाकरी आणि बोंबील फ्राय मागवला. जेवण फर्मास असतं तिथलं, जरूर जा, पण मी अर्धं ताट तसंच सोडून उठले. पैज लावून सांगते, इतकी लाज मला हरल्यावर कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंनी दारातच विचारलं, "कितवी आलीस गं?"

"दुसरी."

त्यांनी चष्मा वर करून ट्रॉफी वाचली. "अगं, ह्यावर तर पहिली लिहिलंय!"

"हो," मी म्हटलं. "पहिली आली ती कामावर गेली होती."