आईनं पुरलेली पुडी

माझी शाळा सातवीत सुटली. म्हणूनच असेल, कागदाला मी फार जपते. गावाकडच्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या डोळ्यावरच्या सुजेतून बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. नंतर त्यांनी रिपोर्ट दिला, सोबत एक पुडी दिली. रिपोर्ट मी साडीच्या घडीत घालून लालबागला आणला. पुडी आईजवळ राहिली.

लालबागला मी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. तिथल्या मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणतो. त्याच मला परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचला, स्कॅन पडद्यावर लावला.

"भुवईखाली, बाहेरच्या कोपऱ्यात अश्रूंची ग्रंथी असते. गाठ तिथं आहे. कॅन्सरच आहे, पण क्वचित दिसणारा. ह्यात प्रकार असतात, आणि रिपोर्टात प्रकार नक्की लिहिलेला नाही. ब्लॉक आणलाय?"

"कसला?"

"मेणाची वडी. तुमचा तुकडा त्यात बसवून ठेवतात. तो इथं तपासला की ठरवू, नुसती गाठ काढायची की डोळाही. नाही मिळाला तर परत तुकडा काढावा लागेल. ते टाळलेलं बरं."

डोळाही, एवढंच मला ऐकू आलं.

केंद्रात परतल्यावर कणकेच्या हातानंच फोन लावला. काकूंनी स्पीकर चालू केला.

"आई, ती डॉक्टरची पुडी कुठंय?"

"ती व्हय? पुरली की."

"पुरली?"

"अंगातला तुकडा घरात ठेवत असतेत का? तू जन्मलीस तवा तुझी वार जिथं पुरली, तिथंच पुरली. चांगलं हळदकुंकू वाहिलं."

काकू फोनवर वाकल्या. "वहिनी, हळदकुंकू राहू द्या, कुदळ घ्या. पोरीचा डोळा त्यात आहे."

मग जी धांदल उडाली ती आम्ही फोनवरच ऐकली. दादा खणतोय, कोंबड्या ओरडतायत, आई जागा दाखवतेय, "तिथं नाही रे, जास्वंदीच्या अंगाला." लाटणाऱ्या सगळ्याजणी हात थांबवून उभ्या. तव्यावरची पोळी करपली तरी काकू कुणाला बोलल्या नाहीत.

"सापडली," दादा म्हणाला. "आतल्या तपासायच्या काचपट्ट्या फुटल्यात. मेण तसंच हाय. पिशवीत पाणी नाही गेलं."

दुसऱ्या दिवशी दादा दादरला बसमधून उतरला, हातात स्टीलचा डबा. डॉक्टर मॅडमनी झाकण उघडलं. वर कारळाच्या चटणीची पुडी, खाली रुमालात ब्लॉक, त्यावर हळदीचा ठिपका.

"चटणी पण तपासू का?" मॅडम म्हणाल्या. मग वडी उजेडाकडे धरली. "ही चालेल. मेणात होता म्हणून तुकडा वाचला."

पुढचे दिवस मी पोळ्या लाटत होते, पण एकही गोल आली नाही. फोन वाजला की लाटणं खाली ठेवायची. शेवटी मॅडमनी बोलावून समोर बसवलं. प्रकार कळला होता. स्कॅनमध्ये गाठ हाडापर्यंत किंवा डोळ्याच्या नसेपर्यंत गेलेली दिसत नव्हती.

"ग्रंथी जाईल, गाठ जाईल. डोळा ठेवायचा प्रयत्न करू. नंतर लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यावी लागेल, आणि पुढं बरीच वर्षं तपासणी."

मी उठून त्यांच्या पायाशी वाकले. त्यांनी अर्ध्यात धरलं. "पायाबिया नको. आईला सांगा, इथून पुढं काहीही पुरायचं असलं तर आधी फोन करायचा."

ऑपरेशन झालं, लाईट झाली. डोळा आहे. पापणी जरा उतरलीय, डोळा कोरडा पडतो, म्हणून दिवसभर थेंब घालते. बाटली पोळपाटाजवळच असते. काकू घड्याळ बघून ओरडतात, "ए, डोळ्याला पाणी पाज."

उरलेला ब्लॉक हॉस्पिटलातून परत मिळाला. कधीही लागू शकतो, सांभाळा, असं बजावून दिला. आई म्हणते, आण, जागेवर ठेवते. मी नाही देत. माझ्या ट्रंकेत आहे, रिपोर्टाच्या घडीत. हळदीचा ठिपका मी पुसला नाही.